पुढे पांढरा, मागे तांबडा

साकोली तालुक्यातल्या एकोडीत, किंवा भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, बांधीच्या धुऱ्याला टेकवून ठेवलेली जुनी काळी सायकल जरा वाकून बघा. हँडलपासून साखळीच्या पत्र्यापर्यंत सगळा कारभार काळा. मागच्या मडगार्डचं शेपूट तेवढं पांढरं रंगवलेलं, आणि त्याच्याजवळ बसवलेला तांबडा काचेचा डोळा. चिखलाने, गंजाने रंग खाल्ला तरी त्या पट्ट्याची कड ओळखू येते. हा पट्टा शोभेसाठी मारलेला नाही. नव्वद वर्षांपूर्वी दूरच्या एका देशात सायकलीच्या दिव्यावरून मोठं भांडण झालं. त्या भांडणात जी तडजोड झाली, तिची ही खूण आहे.

ब्रिटनमध्ये १९३४ साली रस्ते वाहतुकीचा कायदा झाला. मागे दिवा लावायचा नसेल तर सायकलस्वाराने तांबडा परावर्तक बसवावा आणि किमान १२ चौरस इंचांचा पांढरा पृष्ठभाग मागून दिसेल असा ठेवावा, असं त्यात आलं. आपल्याकडे तेव्हा येणाऱ्या बऱ्याच सायकली तिथल्याच होत्या: रॅले, हंबर, बीएसए. पुढे मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ साली ॲटलस आणि लुधियान्याला १९५६ साली हिरो उभी राहिली, तरी सायकलीचा घाट तोच राहिला. त्या घाटासोबत पांढरं शेपूटही चालत आलं.

भांडण होतं ते मागच्या दिव्याचं. मोटारी वाढल्या तशी सायकलवाल्यांना मागे तांबडा दिवा सक्तीचा करा अशी मागणी पुढे आली, आणि सायकलस्वारांच्या संघटनांनी तिला वर्षानुवर्षं विरोध केला. त्यांत १८७८ साली स्थापन झालेला सायकलिस्ट्स टूरिंग क्लब आघाडीवर होता. त्यांचं म्हणणं असं, की मागून येणाऱ्याने आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल अशाच वेगाने गाडी हाकावी. रस्त्यावर पायी चालणारा माणूस असतो, गुरं असतात, पडलेलं झाड असतं. त्यांना कोण दिवा लावणार? सायकलीच्या मागे दिवा सक्तीचा केला की टक्कर झाल्यावर दोष धडक देणाऱ्याचा न राहता धडक खाणाऱ्याचा होईल, ही त्यांची भीती होती. दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउटच्या काळोखात हा विरोध मावळला, आणि १९४५ च्या कायद्याने मागचा तांबडा दिवा कायमचा सक्तीचा झाला.

मला या जुन्या विरोधकांचं म्हणणं आजही खोटं वाटत नाही. साकोलीहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री कुणीही असू शकतं: ओलितावरून परतणारा शेतकरी, बंडी, गाभण म्हैस, नागझिऱ्याच्या बाजूने उतरलेली रानडुकरं. मोटारवाल्याची जबाबदारी कुणाच्या दिव्याने कमी होत नाही. पण हिशेब मांडून बघा. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर तिथेच संपले. नंतर कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक मारला तरी आणखी तेवढेच लागतात. म्हणजे ६५ ते ७० मीटर. समोरून वाहन आलं म्हणून दिवे डिप्परवर घेतले असतील, तर गडद कपड्यातला माणूस त्याच्या निम्म्या अंतरावर जेमतेम दिसतो. सायकलवाला बरोबर असूनही मरू शकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशभरात चार हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर गेल्याची नोंद आहे. कायद्याने दोष कुणाचा ठरतो हे त्यांच्या घरच्यांना नंतर कळून काय उपयोग? म्हणून मागचा दिवा लावावा, आणि मोटारवाल्याकडून सावकाशीची अपेक्षाही सोडू नये. दोन्ही धरून चालावं लागतं.

पुढच्या दिव्याचं कूळ याहून जुनं आहे. १८७०-८० च्या काळात पुढचं चाक माणसाच्या छातीइतकं उंच आणि मागचं अगदी लहान अशा सायकली होत्या. खडबडीत रस्त्यावर हँडलला टांगलेला तेलाचा दिवा गचक्यांनी विझायचा, म्हणून तो चक्क पुढच्या चाकाच्या आत, आऱ्यांच्या मधोमध आसाला लटकवत. चाक फिरे, दिवा आपल्या वजनाने सरळ लोंबत राही. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस यांनी १८८० च्या सुमारास असाच दिवा ‘किंग ऑफ द रोड’ नावाने बाजारात आणला आणि त्यावर मोठा कारखाना उभा केला. त्याआधी हा माणूस हातगाडीवरून रॉकेल विकत होता. नंतरच्या तेलाच्या दिव्यांना बाजूंनी दोन बारकी रंगीत भिंगं असायची, डावीकडे तांबडं आणि उजवीकडे हिरवं, जहाजाच्या दिव्यांसारखी.

त्या दिव्याचा उजेड केवढा? रस्त्यावरचा दगड दिसायचा नाही. तरीही १८८८ साली ब्रिटनच्या संसदेने स्थानिक कारभाराच्या कायद्यात एक कलम घालून सायकलीला वाहनाचा दर्जा दिला आणि सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत दिवा सक्तीचा केला. दिवा कशासाठी, हेही कलमात आहे: सायकल येते आहे, ती कुठे आहे, हे इतरांना समजावं म्हणून. मला या कुळकथेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. सायकलीचा दिवा कायद्यात आला तो समोरच्यासाठी. चालवणाऱ्याला वाट दिसणं हा त्याचा पुढे मिळालेला फायदा.

तो फायदा कार्बाइडने दिला. १८९२ साली अमेरिकेत थॉमस विल्सन यांना कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवण्याची युक्ती सापडली, आणि चार-पाच वर्षांत सायकलींवर गॅसचे दिवे आले. पितळेच्या दिव्यात दोन कप्पे: वर पाणी, खाली कार्बाइडचे खडे. वरची चावी किंचित सैल केली की थेंब थेंब पाणी खड्यांवर पडायचं, ॲसिटिलीन वायू सुटायचा आणि बर्नरच्या बारीक छिद्रातून पांढरीशुभ्र ज्योत उभी राहायची. लसणासारखा वास यायचा. घरी आल्यावर खालच्या कप्प्यातला चुन्याचा लगदा खरवडून टाकावा लागे, नाहीतर दुसऱ्या दिवशी दिवा पेटत नसे. आज कार्बाइड म्हटलं की आपल्याला आंबे पिकवण्याचा तो बंदी घातलेला प्रकार आठवतो. त्याच खड्यांवर कधीकाळी सायकली रात्रीच्या धावत होत्या.

भंडाऱ्याच्या रात्री मात्र बराच काळ कंदिलाच्याच होत्या. बंडीच्या खाली आखाजवळ टांगलेला कंदील हा इथला खरा मागचा दिवा. त्याने बैलांना वाट दिसत नसे, बैलांना त्याची गरजही नसे. मागून येणाऱ्याला बंडी कळत असे. सायकल आली तेव्हा तिने हीच रीत उचलली. हँडलला कंदील, चौकोनी पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती, पुढे सेलची बॅटरी सुतळीने बांधलेली. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागलं, की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दंडार आणि रात्री वडशाच्या कंपन्यांची नाटकं, पहाट होईस्तोवर. नाटकाला जाणाऱ्या माणसांनी रस्ता भरून जायचा, पायी, बंडीत आणि सायकलीवर. अशा रस्त्यावर समोरचा दिवा पायी चालणाऱ्याचा की सायकलीचा, जवळ येतोय की लांब जातोय, हे ओळखता येणं फार कामाचं होतं.

मग आला डायनामो, आणि ज्यांनी तो वापरला त्यांच्या मांडीच्या स्नायूंना तो अजून आठवत असेल. बाटलीच्या आकाराचा हा डबा चाकाजवळ चिमट्याला बसवलेला असतो. खटका दाबला की त्याचं खाचांचं डोकं टायरच्या कुशीला टेकतं आणि चाकाबरोबर फिरू लागतं. डोक्याला जोडलेलं लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यात फिरतं आणि वीज तयार होते. ६ व्होल्ट, ३ वॅट हे माप रूढ झालं, त्यातले २.४ वॅट पुढच्या बल्बला, ०.६ मागच्या. पुढचा बल्ब उडाला की सगळी वीज मागच्या इवल्याशा बल्बवर यायची आणि तोही जायचा, म्हणून दोन्ही एकदम बदलायची पाळी येई.

या डायनामोची एक गंमत मिस्त्री लोकांनाच ठाऊक असायची. डायनामोपासून दिव्यापर्यंत वायर एकच जाते. परतीची वाट म्हणजे सायकलीचा सांगाडा. पण सांगाड्यावर तर जाड काळा रंग, त्यातून वीज जाणार कशी? म्हणून डायनामोच्या पकडीला एक टोकदार स्क्रू असतो, जो आवळला की रंग फोडून खालच्या लोखंडाला जाऊन भिडतो. दिवा मिणमिणू लागला की कसबी मिस्त्री वायरीला हात लावत नसे. आधी तो स्क्रू काढायचा, खालचा गंज कानशीने घासायचा आणि पुन्हा आवळायचा. पावसाळ्यात ओल्या टायरवर डोकं घसरायचं, दिवा उघडझाप करायचा. शिवाय सायकल थांबली की उजेड गेला. नेमक्या नाक्यावर, जिथे दिसणं सर्वांत गरजेचं, तिथे माणूस अंधारात. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३६ साली चाकाच्या आसातच डायनामो बसवून घसरण्याचा त्रास मिटवला. जर्मनीत पुढे दिव्यात थोडी वीज साठवून थांबल्यावरही काही मिनिटं उजेड राहील अशी सोय निघाली. आपल्याकडे यातलं काही फारसं पोचलं नाही. स्वस्त सेल आणि नंतर स्वस्त चार्जिंग आलं, आणि डायनामो मोडीत गेला.

आता कायदा. शहरातल्या जुन्या पिढीच्या आठवणींत ‘डबलसीट’ आणि ‘बिनदिव्याची सायकल’ हे दोन गुन्हे हमखास असतात. पोलीस दिसला की उतरून सायकल हातात धरून चालायचं, हा त्यावरचा उपाय. गावात सायकलीवर करही होता. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतींना जे कर बसवायची मुभा आहे, त्यांत सायकल आणि जनावरांनी ओढायच्या गाड्या येतात. आज हे सगळं आठवणीत गेल्यामुळे लोकांना वाटतं, सायकलीला दिव्याचा कायदाच नाही. अर्धं खरं आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा सायकलीला लागू होत नाही, कारण ती यंत्रावर चालत नाही. पण १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याचं कलम ३३ रस्त्यावरच्या वाहनांना किती दिवे असावेत, कुठे असावेत आणि कोणत्या वेळेत लावावेत याचे नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्त आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना देतं. कलमात शब्द ‘वाहन’ आहे, ‘मोटार’ नाही. रस्ते वाहतुकीचा १९६८ चा व्हिएन्ना करार भारताने १९८० मध्ये स्वीकारला. सायकलीला मागे तांबडा परावर्तक, आणि पुढे पांढरा किंवा पिवळा व मागे तांबडा दिवा दाखवता येईल अशी सोय हवी, असं त्यात स्पष्ट आहे.

पायडलला मदत करणाऱ्या लहान विजेच्या सायकली, पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीच्या, मोटार वाहन नियमांतून वगळल्या आहेत. पण वगळताना अट घातली आहे की पुढे पांढरा आणि मागे तांबडा परावर्तक हवा. साध्या सायकलींच्या परावर्तकांच्या दर्जासाठीही केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, आणि त्याची अंमलबजावणी पुढे ढकलत नेली. कारखान्यांची अडचण समजू शकते. पण वीस-तीस रुपयांच्या वस्तूवर जीव अवलंबून असतो, तिथे ढकलाढकली व्हावी याचं वाईट वाटतं. परावर्तकाला सेल लागत नाही, स्विच लागत नाही, विसरायची भीती नाही. दुकानात ज्याला आपण रेडियमची पट्टी म्हणतो ती मडगार्डला, पायडलला आणि चाकाच्या आऱ्यांना लावली तर अर्धं काम होतं. पायडलवरची तर सर्वांत गुणाची: पाय वर-खाली होतात तशी ती हलते, आणि मागच्या चालकाला लांबूनच कळतं की हा खांब नव्हे, सायकलवर माणूस आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत गोष्ट उलटी झाली. उजेड कमी पडण्याऐवजी जास्त होऊ लागला. १९९० च्या दशकात जपानमध्ये निळा एलईडी साधला, त्यावर पिवळं रसायन चढवून पांढरा उजेड मिळाला. त्या निळ्या दिव्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आज तळहाताएवढी बॅटरी हँडलला लावली की शेताचा दुसरा धुरा दिसतो. एकोडीकडच्या माणसाला ती हवीच असते, आणि त्याचं बरोबर आहे. शेतीपंपाला वीज रात्रीची असेल तर ओलितासाठी रात्रीच जावं लागतं. रस्त्यावर साप आणि रानडुक्कर भेटू शकतं. पण ही बॅटरी हातात धरून झाडावर, झुडपात मारण्यासाठी बनवलेली. तिचा झोत गोल असतो, वर-खाली सारखाच. मोटारीच्या डिप्परसारखी वरची कड कापलेली नसते. ती सरळ समोर रोखून सायकल चालवली की समोरून येणाऱ्याचे डोळे काही सेकंद निकामी होतात, आणि त्या काही सेकंदांत तो सायकल, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर आंधळेपणाने हाकत असतो. बहुधा तुमच्याच दिशेने.

यावर जर्मन नियमात अनेक वर्षं एक सोपं माप होतं, ते घरच्या भिंतीवर कुणालाही करून बघता येतं. दिव्याच्या झोताचा मध्य ५ मीटर पुढे गेल्यावर दिव्याच्या निम्म्या उंचीवर आला पाहिजे. हँडलवरचा दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर सायकल भिंतीपासून साधारण सात पावलांवर उभी करायची, आणि झोताचा मध्य ४५ सेंटिमीटरच्या खुणेवर येईपर्यंत दिवा खाली वाकवायचा. मग तो रस्त्यावर १० मीटर पुढे पडतो. सायकलीच्या वेगाला एवढं पुरतं. सायकलीला अप्पर-डिप्परचा खटका नसतो, तेव्हा एवढं केलं की डिप्पर कायमचाच लागला. रस्त्यावर काही संशयास्पद दिसलं तर बॅटरी वर उचलायला हात मोकळा आहेच.

लुकलुकणाऱ्या दिव्यांवर मतं वेगळी आहेत. ब्रिटनने २००५ साली त्यांना परवानगी दिली, मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकण्याच्या मर्यादेत. जर्मनीत त्यांना मनाई आहे. माझा कल असा: दिवसाउजेडी किंवा गर्दीच्या हायवेवर मागचा दिवा लुकलुकला तर चालेल, पण गावरस्त्याच्या मिट्ट काळोखात स्थिर ठेवावा. लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर डोळ्याला धड कळत नाही. पुढे तांबडा किंवा निळा दिवा लावायची हौस मात्र करू नये. तांबडा म्हणजे मागची बाजू, एवढा एकच संकेत जगभरच्या रस्त्यांवर न बोलता चालतो. समोरून येणाऱ्या सायकलीला तांबडा दिवा असेल, तर ती लांब जाते आहे असं समजून माणूस तिच्या अंगावर जातो.

सगळ्यांत काळजी वाटते ती मुलींची. आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या, आणि त्यामुळे कितीतरी मुली शाळेत टिकल्या. थंडीत सकाळची शाळा किंवा शिकवणी गाठायची तर घरून निघताना अंधार असतो, त्यात तलावांच्या या जिल्ह्यात पहाटे धुकं उतरतं. धुक्यात पुढचा झगझगीत दिवा उलट आपल्याच डोळ्यांसमोर पांढरा पडदा धरतो. तिथे मागचा तांबडा दिवाच उपयोगी. सीटखालच्या दांडीला लावायचा साधा दिवा पुरेसा आहे. फक्त कॅरिअरवरचं दप्तर किंवा स्वेटरचा घोळ त्यावर येत नाही ना, हे कुणी तरी मागे उभं राहून बघावं लागतं. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारा असेल तर तो एकदम बंद पडत नाही, मंद मंद होत जातो आणि चालवणारीला ते कळत नाही, कारण तो तिला दिसतच नाही. शाळेतल्या शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात मैदानात सायकली ओळीने उभ्या करून, वीस पावलं मागे जाऊन, प्रत्येकीचा दिवा एकदा पाहावा. मंद असेल त्याचा सेल त्याच दिवशी बदलावा.